मुरेन आडवी आली

आपला बोया परक्या बोटीच्या कठड्याला लोंबताना दिसला, तेव्हा मुरेनच्या हातात खेकड्यांची बादली होती. तिने ती खाली ठेवली. आपटली म्हणा हवं तर, कारण दोन खेकडे उडून धक्क्यावर पडले आणि तिरके तिरके पळत सुटले. त्यांच्याकडे बघायला तिला वेळ नव्हता.

निळा बोया, त्यावर दोन पांढरे पट्टे, मध्ये पिवळा ठिपका. खाली तळाला खेकड्यांचे पिंजरे, आणि वर त्यांची खूण म्हणून दोराला बांधून तरंगत सोडलेला हा बोया. पोर्टाकॅरा बंदरात प्रत्येक घराच्या बोयाचा रंग ठरलेला असतो. भाऊ भावाशी दहा-दहा वर्षं बोलत नसला, तरी त्याच्या बोयाला हात लावत नाही. आणि इथे हा कोण कुठला शहाणा, हिरवा रेनकोट घालून, आपल्या शिडाच्या बोटीत बसून चहा पीत होता! पाऊस भुरभुरत होता... कपात थेंब पडू नयेत म्हणून तो वरून एक हात आडवा धरत होता आणि मजेत घोट घेत होता.

"ए!" मुरेन धक्क्यावरून ओरडली. "तो बोया कुठं मिळाला?"

त्याने वर पाहिलं. तपकिरी डोळे, चार दिवसांची दाढी, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू ही बाई त्याच्यासाठी केकच घेऊन आली होती.

"हा होय? अहो, काही विचारू नका! खडकांच्या बाहेर इंजिन लावलं आणि याचा दोर पंख्यात गुरफटला. वारा मला खडकांवर ढकलत होता. मग काय, सुरी घेतली, पाण्यात उडी मारली आणि टाकला कापून."

"आणि खालचं टोक?"

"कुठलं खालचं टोक?"

"दोराला दोन टोकं असतात! एक तुझ्याकडं आहे. दुसऱ्याला काय बांधलंस? डबा, बाटली, लाकूड... काय?"

त्याचं हसू जरा ओसरलं. "सोडून दिलं," तो म्हणाला.

वेळ आली तर दोर कापावाच लागतो, त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. पण कापलेल्या टोकाला तरंगणारं काहीतरी बांधून मग सोडायचं, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

"सोडून दिलं," मुरेन म्हणाली. "छान. त्या टोकाला दहा पिंजरे होते. माझ्या बापानं विणलेले शेवटचे दहा. आणि आता पुन्हा विणायला बाप नाही."

तो ताडकन उठला. चहा त्याच्याच पायावर सांडला. "मला खरंच माहीत नव्हतं... मी नवे आणून देतो. अगदी तसेच—"

"नवे नकोत मला! तेच हवेत. शोधून दे."

"समुद्राच्या तळातून?"

"मग काय पेगच्या पबातून?"

बादली उचलताना तिची नजर त्याच्या दोरांवर गेली. भरती पुरती चढलेली, आणि या माणसाने धक्क्याच्या कड्यांना दोर असे आखूड आणि ताठ बांधलेले, की एका बोटाचीही ढील नाही. ओहोटी लागली की काय होणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसलं. सांगावं म्हणून शब्द ओठांवर आले. मग तिने कठड्यावरच्या निळ्या बोयाकडे पाहिलं, शब्द गिळले आणि घरी निघून गेली.

संध्याकाळी आठला, चांगला उजेड असताना, पेगचा पब ग्लासांसकट रिकामा होऊन धक्क्यावर आला. पाणी आठ फूट खाली गेलं होतं. बोट मात्र खाली जायला तयार नव्हती. भिंतीला दोरांनी टांगलेली, एका अंगावर कलंडलेली, आणि तिचा मालक डोलकाठीला मिठी मारून उभा. त्याची चहाची किटली आधीच पाण्यात गेली होती.

"लिमरिकचा आहे म्हणे. शाळेत गणित शिकवतो," पेग म्हणाली.

"मुलांचं कसं होत असेल!" मॅकडारा काका म्हणाला. हा मुरेनच्या बापाचा धाकटा भाऊ. बंदरातली सगळ्यात जुनी बोट आणि सगळ्यात लांब जीभ त्याचीच.

मुरेन हाताची घडी घालून उभी होती. कलंडलेल्या माणसाने तिला पाहिलं.

"हे आधी सांगता आलं नसतं का?"

"आलं असतं की," ती म्हणाली.

"गाठी आता सुटायच्या नाहीत," काकाने दोरावर टिचकी मारून पाहिली. "कापावा लागणार."

मुरेनने कमरेची सुरी काढली. धक्क्याच्या कडेला बसली, पुढचा दोर हातात धरला आणि खाली वाकून अगदी गोड आवाजात विचारलं, "टोकाला काही बांधू का?"

अख्खा धक्का हसला. तिने एका झटक्यात एक दोर कापला, दुसऱ्यात दुसरा. बोट धपकन पाण्यात बसली आणि गणिताचे मास्तर बुडावर आपटले. आता चिडेल, शिव्या देईल, मग आपणही चार द्यायच्या, अशा तयारीत ती होती. पण तो तिथेच बसल्या बसल्या हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मुरेनला सगळ्यात जास्त राग आला तो याचा.

"उद्या सकाळी सहाला," ती म्हणाली. "माझ्या बोटीवर. पिंजरे सापडेपर्यंत रोज."

"येतो. नाव तरी सांग."

"मुरेन."

"मी लॉर्कन."

"मी विचारलं नव्हतं."

सकाळी लॉर्कन पावणेसहालाच धक्क्यावर येऊन उभा राहिला. एकेक जण डब्याची पिशवी घेऊन येत होता, बोटीवर चढत होता. मुरेनचा पत्ता नव्हता. त्याने मॅकडारा काकाला विचारलं, तर काका एकदम खवळला.

"सकाळच्या पारी तिचं नाव काढू नकोस! ती इथं नाही येत. त्या चर्चच्या मागं जा, खडकांच्या पलीकडं छोटा उतार आहे. तिची बोट तिथं असते."

मुरेन खडकांवरून उड्या मारत खाली उतरली, तेव्हा तो तिथे बोटीला टेकून उभा होता. ऑगस्टचा महिना आणि तिने लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"गुड मॉर्निंग, मुरेन!"

तिचा पाय शेवाळावरून घसरता घसरता राहिला.

सव्वीस वर्षांची ती. पोर्टाकॅरात बोटी सुटायच्या आधी तिला आजवर कोणी गुड मॉर्निंग म्हटलं नव्हतं. एकानेही नाही. आणि हा बाहेरचा माणूस, दोन शब्द असे फेकत होता, जसे कुरव पक्ष्यांना पावाचे तुकडे.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. बोट ढकल!"

बोट बापाचीच, 'ब्रीजेट' नावाची, उघडी, जुनी, पण घट्ट. बोया हरवलेले पिंजरे शोधायची इथली एकच रीत आहे. चार काट्यांचा लोखंडी आकडा लांब दोराला बांधून तळाला सोडायचा, आणि बोट हळूहळू चालवत तो ओढत न्यायचा. खाली पिंजऱ्यांचा दोर असेल तर आकडा कधीतरी त्यात अडकतो. नसेल तर पुन्हा. आणि पुन्हा.

"दोर मुठीत धर," ती म्हणाली. "आवळू नकोस. वाळूवर तो नुसता सरकेल, दगडावर टकटक करेल. आणि दुसऱ्या दोरात अडकला तर जड होईल, पण हळू जड होईल. कळलं?"

"कळलं. तू चांगली शिकवतेस."

"लाडीगोडी लावू नकोस."

गप्प बसणं त्याला जमायचं नाही.

"एक विचारू? ऑगस्टमध्ये लोकरीची टोपी कशाला?"

मुरेनने टोपी ओढून काढली आणि बाकावर आपटली. केस खांद्यांवर पडले. लाल, लालभडक... वाऱ्याने ते एका क्षणात तिच्या तोंडभर केले आणि लॉर्कनच्या हातातला दोर तसाच सरकत राहिला.

"बघितलंस? बोटीवर निघालेल्या माणसाला लाल केसांची बाई आडवी आली, की त्यानं मागं फिरायचं. घरी जायचं. त्या दिवशी त्याला समुद्र नाही. म्हणून मी मागच्या वाटेनं येते. सगळ्या बोटी सुटल्याशिवाय धक्क्यावर पाऊल टाकत नाही. आणि गंमत सांगू? माझ्या बापाचे केसही असेच लाल होते. पण बाप्याच्या लाल केसांवर समुद्र चिडत नाही. त्याला फक्त बाईचे खुपतात!"

लॉर्कन हसला. "कमाल आहे! या काळात? मी असल्या गोष्टी मानत नाही."

"तू मान नाहीतर मानू नकोस, तुला कोण विचारतंय? पण तू हसलास कशाला?"

"अगं, मी तुला नाही हसलो—"

"दोर बघ!"

दुपारपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारीही बोलली ती इतकंच, की "पाव खाणार का?"

त्या दिवशी काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी एक गंजका नांगर मिळाला, तिसऱ्या दिवशी एक बूट.

"बघ, तुझ्या मापाचा आहे का," मुरेन म्हणाली. "तुझ्या डोक्यात घालायला बरा आहे."

"एकच आहे. जोड मिळाली की घाल."

तिसऱ्याच दिवशी त्याने एक वही आणली. पानावर चौकोन आखले होते, शोधून झालेल्यांवर फुल्या मारल्या होत्या.

"समुद्र मावला का तुझ्या वहीत?" तिने टोमणा मारला. "भरती-ओहोटी कळत नाही ज्याला, त्याच्या चौकोनांचा काय भरवसा!"

"म्हणून तर तुला विचारतोय. दोर कापल्यावर ओहोटी लागायला अर्धा तास होता. पिंजरे जड, ते हलणार नाहीत. पण दोराचं मोकळं टोक कुठल्या बाजूला पसरलं असेल?"

प्रश्न बरोबर होता. तीन दिवस मुरेन पिंजऱ्यांच्या मागे होती, आणि शोधायचं होतं ते टोक. हा प्रश्न आपल्याला सुचला नाही, याचा तिला राग आला. तिने त्याच्या हातातली पेन्सिल हिसकावली आणि वहीवर वायव्येकडे एक रेघ ओढली... इतक्या जोरात, की टोक मोडलं.

"दोन पेन्सिली आणल्यात," लॉर्कन म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याचे तळहात सोलून निघाले. तो सांगत नव्हता, पण दोराला लागलेलं रक्त तिला दिसलं. तिने बोट थांबवली, जुना मऊ पंचा फाडला आणि त्याचा हात खसकन ओढून घेतला.

"बोलता येत नव्हतं? तोंड आहे ना? बाकी वेळ तर बंद होत नाही!"

"तू चिडली असतीस."

"आता काय हसतेय का मी?"

ती पट्टी गुंडाळत होती. त्याचं मनगट तिच्या गुडघ्यावर होतं. पाऊस पुन्हा भुरभुरायला लागला... तिच्या एका केसावर थेंब येऊन थांबला आणि तो त्या थेंबाकडे बघत राहिला.

"दुखतंय?" तिने वर न बघता विचारलं.

"तू बांधतेस म्हणून दुखतंय. जरा हळू बांध."

तिने हळू बांधलं. आणि मग लगेच गाठ मात्र करकचून मारली.

एक गोष्ट तिने कोणालाही सांगितली नसती. रोज सकाळी सहाला तो उतारावर उभा असायचा, आणि रोज म्हणायचा, "गुड मॉर्निंग, मुरेन." बुधवारपासून ती घरातून दहा मिनिटं आधी निघायला लागली होती. खडकांमागे उभी राहून दम खायची, आणि मग आत्ताच आल्यासारखी खाली उतरायची. 'लाज वाटू दे, लाज वाटू दे,' असं स्वतःलाच चिडून म्हणायची. उद्या शीड उभारून निघून जाणारा माणूस हा! जूनमध्ये चिलटं येतात तशा या शिडाच्या बोटी येतात आणि ऑगस्ट सरला की एक उरत नाही. तरी ती दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं आधी निघाली.

त्या शुक्रवारी, दहाच्या सुमारास, लॉर्कन एकदम म्हणाला, "मुरेन... हा जड होतोय. हळू हळू जड होतोय."

तिने इंजिन बंद केलं. दोघांनी मिळून दोर ओढला. आकडा वर आला, आणि त्यात निळसर दोराचं कापलेलं टोक. मग दोर, दोर, दोर... आणि पहिला पिंजरा, पाणी गाळत. दुसरा. तिसरा. सातव्यात केवढा तरी शेवंड होता, काळानिळा, नांग्या आपटत, मुरेनइतकाच चिडलेला. दहाच्या दहा पिंजरे वर आले. पिंजऱ्याच्या दारावर बापाची गाठ होती. तो डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलट्या बाजूने वळायची. तशी पोर्टाकॅरात दुसरं कोणी मारत नसे.

मुरेनने त्या गाठीवर बोट ठेवलं आणि ती रडायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. रडता रडता तिने पिंजऱ्याला लाथ मारली.

"आठ वर्षांची होते मी," ती म्हणाली. "बाप पाव घरी विसरला. मी धावत धक्क्यावर गेले, पाव घेऊन. सहा बोटी माघारी फिरल्या त्या दिवशी. बाप ओरडला नाही. त्यानं माझा खांदा धरला, खडकांच्या वाटेवर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, उद्यापासून सकाळी इकडून. बस. संध्याकाळी मांडीवर घ्यायचा, गाणी म्हणायचा. आणि सकाळी तो निघेपर्यंत मी खोलीतून बाहेर यायचं नाही. सोळा वर्षं! दोन वर्षांपूर्वी गेला तोही पहाटे गेला. मी दाराबाहेर उभी होते. आत जाऊ की नको, हेच ठरवत होते..."

लॉर्कनने आकडा खाली ठेवला. "तुझा बाप चुकला, मुरेन."

तिने झटकन मान वर केली. डोळे असे, की दुसरा माणूस असता तर पाण्यात उडी मारता झाला असता.

"माझ्या बापाला चुकला म्हणणारा तू कोण रे? गावात कोणी असं बोलायची हिंमत केली नाही. देवमाणूस म्हणतात त्याला! देवमाणूसच होता तो!"

"असेल. पण चुकला."

लाटा बोटीला थापट्या मारत होत्या.

"चुकलाच," मुरेन म्हणाली. नाक पुसलं. "चुकलाच मेला."

तो तिच्या शेजारी येऊन बसला. दोघांच्या मध्ये ओल्या दोराचं वेटोळं होतं. त्याने पट्टी बांधलेला हात त्या दोरावर ठेवला... तिच्या हाताच्या अगदी जवळ. तिने आपला हात मागे घेतला नाही.

"मुरेन, मला उद्या निघावं लागेल," तो म्हणाला. "बुधवारी शाळा उघडते. उद्याचा वारा गेला तर—"

तिने हात मागे घेतला.

"मग जा ना. पिंजरे सापडले, तुझं काम झालं."

"तू थांब म्हणालीस तर..."

"मी कशाला म्हणू?" ती उठली तशी बोट डुचमळली. "मी काय धक्का आहे का? ज्यानं त्यानं यावं, दोर बांधावा आणि सोडून जावं? आणि वर मीच म्हणायचं, राहा बाबा, थांब बाबा? जायचं तर जा!"

परत येताना ती त्याच्याशी बोलली नाही, आणि त्याने उतारावर उतरल्यावर "मुरेन" म्हणून हाक मारली, तेव्हा तिने वळून पाहिलं नाही.

शनिवारी ती साडेपाचला उठली. रात्रभर राग निवला नव्हता, उलट चांगला मुरला होता. लॉर्कनचा राग होता. तो गणित शिकवतो याचा होता, बुधवारी शाळा उघडते याचा होता. बापाचा होता. त्या सहा बोटींचा होता. आणि सगळ्यात जास्त स्वतःचा होता, कारण तिला आठवलं, की आज उतारावर कोणी नसेल. आज तिला कोणी काही म्हणणार नाही.

टोपी दाराजवळच्या खिळ्याला होती. तिने हात पुढे केला. मग टोपी तिथेच राहू दिली, आणि मागचं दार सोडून पुढचं दार उघडलं.

पुढच्या दारातून निघालं की रस्ता सरळ धक्क्यावर जातो. पाच मिनिटंही लागत नाहीत. अठरा वर्षांत सकाळच्या वेळी तिने त्यावर पाय ठेवला नव्हता. ती रस्त्याच्या मधोमध चालत निघाली, केस मोकळे, आणि ऊन नेमकं तेव्हाच ढगांतून बाहेर आलं.

पहिला भेटला मॅकडारा काका. डब्याची पिशवी त्याच्या हातातून पडली.

"मुरेन! डोकं फिरलं का तुझं? बोटी निघू दे, मग ये!"

"अठरा वर्षं निघू दिल्या, काका."

काकाने तोंड भिंतीकडे केलं. त्याच्यामागून येणारे दोघं जागच्या जागी थांबले. एकाने छातीवर क्रूस काढला, दुसऱ्याने अशी शिवी हासडली की क्रूस वाया गेला. "गेला आजचा दिवस! बांगडा आलाय खडकांबाहेर, आणि आजच हिला बाहेर पडायचं होतं!" मुरेन थांबली नाही. ती थेट धक्क्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. तिथून गेल्याशिवाय कोणालाही बोटीवर चढता येत नाही.

लॉर्कन पेगच्या पबाशेजारच्या तिच्याच दुकानातून येत होता. एका काखेत सोड्याचा पाव, दुसऱ्या हातात दुधाची बाटली. त्याने तिला पाहिलं आणि तो दहा पावलांवर थांबला.

"मी रागावलेय," मुरेन म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिने तो आणखी चढवला. "काल मी तुला जा म्हटलं आणि तू जायला निघालास, म्हणून रागावलेय! जायचं तर माझं तोंड बघून जा. मी खडकांमागं लपून तुझं शीड बघणार नाही. पुरे झालं लपणं! आता... आता काय करायचं ते कर."

धक्क्यावर आठ-दहा माणसं होती. सगळी भिंतीकडे तोंड करून, आणि सगळ्यांचे कान इकडे.

लॉर्कन तिच्याकडे बघत राहिला. मग टाचेवर गर्रकन वळला आणि आल्या वाटेने परत चालायला लागला.

"ए! कुठं चाललास?"

"मागं," तो न थांबता म्हणाला. "लाल केसांची बाई आडवी आली. आज मला समुद्र नाही."

"तू तर हे मानत नव्हतास!"

तो थांबला. वळला. "आजपासून मानतो."

"आणि उद्या?"

"उद्या तू येशील ना आडवी?"

"येईन," ती म्हणाली. "रोज येईन. बघतेच तू कसा जातोस!"

"आणि बुधवारच्या शाळेचं काय?" भिंतीकडून आवाज आला. काकाच तो.

"बोट इथंच राहील, हिच्या ताब्यात. मी बसनं जाईन, दर शुक्रवारी बसनं येईन." लॉर्कनने जरा विचार केला. "बसला हा नियम आहे का हो?"

काकाने भिंतीला टेकलेलं कपाळ खाजवलं. "बसचं काही सांगितलेलं नाही जुन्या माणसांनी."

"मग झालं तर!"

तो चालत आला. दहा पावलं होती, पण त्यांतली शेवटची चार तिनेच टाकली. पाव खाली पडला, दुधाची बाटली कशीबशी वाचली. कुरव पक्षी पावावर तुटून पडले आणि दोघांनाही त्याचं काही नव्हतं.

"बोटीचे दोर सैल बांध," ती त्याच्या रेनकोटात तोंड खुपसून म्हणाली. "नाहीतर पुन्हा टांगशील."

"तू शिकव."

माणसं पुटपुटत घरी निघाली. बांगड्यांचा दिवस बुडाला तो बुडालाच. पेगने दुकानाच्या दारातून ओरडून सांगितलं, की चहा ठेवलाय, मरा इथंच येऊन. एकटा मॅकडारा काका राहिला होता, अजून भिंतीकडे तोंड करून.

"दिवस तर गेलाच," तो भिंतीला म्हणाला. "आता तोंड फिरवून काय फायदा?"

आणि तो वळला. डोळे बारीक करून त्याने पुतणीकडे पाहिलं. असं, उन्हात, सकाळी सहाला, त्याने तिला कधीच पाहिलं नव्हतं. बराच वेळ बघत राहिला.

"बार्टलीचेच केस," तो म्हणाला. "हुबेहूब माझ्या भावाचे."

मुरेनने त्याला सुनवायला चार वाक्यं तयार ठेवली होती. अठरा वर्षं तयार होती ती. तिने तोंड उघडलं.

काकाने डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

"गुड मॉर्निंग, पोरी."